बिनकामाचे अद्भुत

आपल्या रसव्यवस्थेत अद्भुताला मान आहे, पण पंगतीत त्याचे पान शेवटचे. भरताने आठ रस सांगितले, त्यांत अद्भुत आठवा. पुढे शांतरसाला आत घ्यावे की बाहेर ठेवावे यावर शतकानुशतके वाद झडले. अद्भुताविषयी त्याच्या दशांशानेही बोलले गेले नाही. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने नारायण नावाच्या आपल्या पूर्वजाचे एक मत नोंदवून ठेवले आहे, की चमत्कार हेच साऱ्या रसांचे सार आणि म्हणून सर्वत्र अद्भुत हा एकच रस. मत मोठे धाडसाचे आहे. पण ते नोंदीपुरतेच राहिले. मराठी समीक्षेने तर अद्भुताकडे जवळजवळ पाठच फिरवली. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांच्यासारख्या कादंबऱ्यांना 'अद्भुतरम्य' हे विशेषण आपण लावतो ते बहुधा त्यांना एक पायरी खाली बसवण्यासाठी. वास्तवाची बाजू घेताना विस्मयालाही आपण घराबाहेर काढले, आणि तो बिचारा पोरांच्या गोष्टींत आणि जादूच्या खेळांत जाऊन राहिला.

भरताने मात्र अद्भुताचे विभाव सांगताना दिव्य जनांचे दर्शन, उपवने, देवळे आणि विमाने यांच्या जोडीला माया आणि इंद्रजाल यांचीही गणना केली आहे. इंटरनेटला 'आंतरजाल' हा शब्द ज्याने कोणी मराठीत रुळवला त्याच्या मनात हे इंद्रजाल होते की नाही, देव जाणे. पण त्या जाळ्यातल्या काही वस्तूंचा विचार करू लागलो की भरताची ती यादी पुन्हा पुन्हा आठवते. या वस्तूंचा उपयोग असा काही नाही. त्यांतून तिकीट काढता येत नाही, बिल भरता येत नाही, कोणाशी भांडताही येत नाही. कोणीतरी त्या केल्या, मांडून ठेवल्या, आणि येणाऱ्याने पाहाव्यात एवढीच त्यांची अपेक्षा. अशांना मराठीत अजून धड नाव नाही. मी त्यांना तूर्त 'नवलाई' म्हणतो.

नवलाई पाहायला सवड लागते, आणि तुंगार्लीसारख्या ठिकाणी ती पाऊसच देतो. लोणावळ्याच्या उत्तर अंगाचा, राजमाचीच्या वाटेवरचा हा भाग. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस या गावाच्या वाट्याला येतो. पासष्ट किलोमीटरांवरच्या पुण्यात तो सातशेच्या आसपास. आषाढात धुके खिडकीच्या काचेला येऊन टेकते आणि अंगणातले झाडही दिसेनासे होते. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी भुशीच्या धरणावर भिजण्यासाठी येतात. पावसाने मर्यादा सोडली की तिकडे जायला मनाई होते आणि सगळी बंगल्यांत अडकून पडतात. मग भजी होतात, पत्त्यांचा डाव होतो, आणि तिसऱ्या प्रहरी जो तो आपापल्या कोपऱ्यात फोनमध्ये मान घालून बसतो.

त्या फोनमध्ये बहुतेक वेळ पाहिले जाते ते अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींचे न संपणारे भेंडोळे. त्याची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. त्यातही कधी एखादे पोर असे नाचते की पाहत राहावे. पण त्याची समीक्षा करता येत नाही, कारण त्याला कड नाही. कविता शेवटच्या ओळीशी संपते, चित्राला चौकट असते, मैफलीत भैरवी होते. म्हणून तर बाहेर उभे राहून त्यांच्याविषयी बोलता येते. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल अशी जी लयतत्त्वे सांगितली ती लावून पाहायची तरी समोर एक आकृती असावी लागते. भेंडोळ्यात प्रत्येक फीत मागच्या फितीला पुसून टाकते. तिथे विरोधही उभा राहत नाही, समतोल तर दूरच. नवलाईला कड असते. ती पाहून होते, आणि पाहून झाल्यावर ती कशी होती हे विचारता येते. निदान मी तरी या ठिकाणी तेच विचारणार आहे.

या प्रकाराचा आद्य नमुना मोठा गमतीचा आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे एकच भांडे होते, आणि जिने चढून जावे तो ते रिकामे सापडावे असा अनुभव मंडळींना वारंवार येई. १९९१ साली त्यांनी त्या भांड्यापुढे कॅमेरा लावला. १९९३ साली ते चित्र वेबवर आले आणि पाहता पाहता साऱ्या जगातून लोक ते पाहू लागले. करड्या रंगाचे, टपाल तिकिटाएवढे, अंधुक चित्र. भांड्यात कॉफी आहे किंवा नाही, एवढेच त्याचे कथानक. ज्याला ती कॉफी मिळण्याची सुतराम शक्यता नव्हती अशा माणसाने ते का पाहावे? पण तेच तर इंगित. केंब्रिजमधल्या माणसाला ते चित्र उपयोगाचे होते; इतर जगाला ते निरुपयोगी होते, आणि निरुपयोगी होताच त्यात नवल आले. हजारो कोसांवरची एक क्षुद्र वस्तू या घटकेला अशी आहे, या जाणिवेपलीकडे तिथे काही नव्हते. २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद झाला, आणि ते भांडे लिलावात तीन हजार तीनशे पन्नास पौंडांना एका जर्मन वृत्तसंस्थेने घेतले. देवाच्या पादुकांनाही इतकी किंमत येत नाही.

आज पावसाळ्यात पाहण्याजोगी सर्वश्रेष्ठ नवलाई कोणती असे कोणी विचारले तर मी कॅमेरन बेकारिओ याने २०१३ साली केलेल्या वाऱ्याच्या नकाशाचे नाव घेईन. त्याच्या आदल्या वर्षी फर्नांडा व्हिएगास आणि मार्टिन वॉटनबर्ग यांनी अमेरिकेपुरता असा एक नकाशा केला होता. त्यावरून स्फूर्ती घेऊन बेकारिओने सबंध पृथ्वी घेतली. काळ्या पार्श्वभूमीवर एक गोल, आणि त्याच्या अंगावरून केसासारख्या बारीक रेषा वाहत असलेल्या. शब्द जवळजवळ नाहीतच. देशांची नावे नाहीत, राजधान्या नाहीत, सीमा नाहीत. किनाऱ्यांची पुसट कड तेवढी आहे. बोटाने गोल फिरवावा आणि पाहत राहावे.

जुलै महिन्यात हा गोल हिंदी महासागरावर आणला की एक प्रचंड ओघ दिसतो. दक्षिण गोलार्धातून निघालेला वारा मादागास्करच्या उत्तरेने आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे येतो, विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या अंगाने उजवीकडे वळतो आणि अख्खा अरबी समुद्र कापून आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळतो. जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. नकाशात ती उंची निवडण्याची सोय आहे, आणि ती निवडली की रेषा अशा ताणल्या जातात की जणू कोणी धनुष्य ओढले आहे. तुंगार्लीच्या खिडकीशी बसलेल्या माणसाला पाऊस हा आपल्या गावचा वाटत असतो; आपल्या छपराचा, आपल्या पागोळ्यांचा. त्या पावसाचे कूळ इतके लांबचे आहे हे पुस्तकात वाचणे निराळे आणि डोळ्यांसमोर वाहताना पाहणे निराळे. 'मेघदूता'तला मेघ रामगिरीवर आलेला असतो. तिथून पुढचा त्याचा मार्ग कालिदासाने बारकाईने सांगितला. तो मेघ तिथवर आला कुठून, हे यक्षाने विचारले नाही. विरही माणसाला ते सुचायचेही नाही. या नकाशात त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि तेही निवेदनाचा एक शब्द न खर्चता.

तरी या कृतीत उणीव आहे, आणि ती नेमकी आपल्याला जाणवणारी आहे. नकाशाचे विणकाम इतके मोठ्या टाक्यांचे आहे की सह्याद्री त्यावर उमटत नाही. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत जमीन एकदम पाचशे मीटरांहून अधिक उभी राहते. समुद्रावरून आलेला वारा त्या भिंतीला अडून वर चढतो, थंड होतो आणि पाण्याचे ओझे टाकतो. पडद्यावर मात्र तो वारा खोपोलीवरून तुंगार्लीवर असा सरकतो, की मध्ये घाटच नाही. ज्या भिंतीमुळे आपण घरात कोंडले गेलो तिचाच पत्ता नाही! शिवाय हेही ध्यानात ठेवले पाहिजे, की दिसतो तो साक्षात वारा नव्हे. अमेरिकन हवामान खात्याचा संगणक काही तासांच्या अंतराने जगाच्या हवेचे गणित मांडतो. त्या गणिताचे हे चित्र. म्हणजे वास्तवाच्या अनुमानाची ही प्रतिमा आहे. हे कळल्यावर काहींचा रस ओसरतो. माझा वाढला. कादंबरीकार तरी याहून वेगळे काय करतो?

याहून अवघड प्रश्न निराळाच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. त्या दिवशी हा नकाशा उघडणाऱ्याला अरबी समुद्राच्या कडेला एक रेखीव भोवरा दिसत होता. इतका रेखीव, की शंखाची आठवण व्हावी. त्याच घटकेला श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळीच्या बागा आडव्या होत होत्या, आणि थोड्या वेळाने मावळातही छपरे उडाली. ज्या वस्तूने भयानकाचा प्रत्यय यावा ती अद्भुताचे रूप घेऊन येते तेव्हा पाहणाऱ्याने काय करावे? जुने शास्त्रकार म्हणतील, रंगभूमीवर भयही आस्वाद्य होते. पण रंगभूमीवर कोणाची पोफळ मरत नाही. बेकारिओच्या नकाशात याला उत्तर नाही, आणि ते त्याने द्यावे असेही मी म्हणणार नाही. पण भोवऱ्याच्या मध्याशी खाली एखादे गाव आहे, एवढी खूणही त्याने ठेवली नाही, ही त्याच्या संयमाची किंमत आहे.

विजेच्या नकाशाची गोष्ट या बाबतीत बरी. जगभर हौशी लोकांनी आपल्या घरी छोटी ग्रहणयंत्रे बसवली आहेत. वीज कडाडली की तिच्या रेडिओलहरी निरनिराळ्या ठिकाणी किती क्षणांच्या फरकाने पोचल्या यावरून ती कुठे पडली ते ठरते. ब्लिट्झऑर्टुंग असे या उद्योगाचे जर्मन नाव. नकाशावर ठिपका उजळतो आणि त्याच्याभोवती एक वर्तुळ पसरू लागते. ते वर्तुळ म्हणजे गडगडाट. आवाज किलोमीटराला तीन सेकंद घेतो. वर्तुळ आपल्या गावापाशी येते आणि खरोखरच बाहेर ढग गुरगुरतो! पडदा आणि खिडकी यांची अशी सांगड मी दुसरीकडे पाहिली नाही. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर हा संवादलयीचा निर्मळ नमुना. आषाढ-श्रावणात मात्र ही नवलाई तुंगार्लीला फारशी उपयोगी नाही, कारण भर पावसाळ्यात इकडे वीज कमीच. तिचे खरे दिवस वळवाचे आणि परतीच्या पावसाचे.

'विंडोस्वॅप'ची कीर्ती या सर्वांहून अधिक आहे, आणि मला ती अनाठायी वाटते. २०२० च्या टाळेबंदीत सिंगापूरमध्ये राहणाऱ्या सोनाली रणजित आणि वैष्णव बालसुब्रमण्यम या दांपत्याने ही कल्पना काढली. लोकांनी आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याची दहा मिनिटांची फीत पाठवायची. पाहणाऱ्याने कळ दाबली की कोणाची तरी खिडकी उघडते. कल्पना सुंदर आहे, आणि त्या कोंडलेल्या महिन्यांत ती अनेकांना आधार वाटली असणार. पण पाच-सहा खिडक्या झाल्या की ध्यानात येते, की माणसे आपली खिडकी पाठवीत नाहीत. खिडकीचा पोशाख करून पाठवतात. कुंडी नेमकी जागेवर, मांजर नेमके उन्हात. दोरीवर वाळत घातलेला लेंगा दिसत नाही. आपले घर दुसऱ्याला दाखवायचे म्हटले की ते आवरले जाते, हा मनुष्यस्वभाव; पण आवरलेल्या घरात नवल उरत नाही. तुंगार्लीहून आषाढातली एखादी खिडकी पाठवावी, दहा मिनिटे निव्वळ पांढरे धुके, असे फार वाटते. ती त्या संग्रहात सर्वांत प्रामाणिक ठरेल.

'रेडिओ गार्डन' त्या मानाने खोल आहे. २०१६ साली हॉलंडमध्ये हे निघाले. पृथ्वीचा गोल, त्यावर हिरवे ठिपके. ठिपका म्हणजे एक रेडिओ केंद्र. गोल फिरवला की एक केंद्र विरते, मध्ये खरखर होते, आणि दुसरे उमटते. ही खरखर कृत्रिम आहे; आजच्या यंत्रणेत तिची गरज नाही, रचनाकारांनी ती मुद्दाम घातली आहे. कोणी याला लबाडी म्हणेल. मला ती कलाकृतीची खूण वाटते. दोन गावांमधले अंतर कानाला कळण्यासाठी मध्ये काहीतरी ओलांडावे लागते. खरखर म्हणजे तो समुद्र. आकाशवाणीत आयुष्य घालवलेल्या मर्ढेकरांना हे लगेच उमगले असते. ब्रिटनमध्ये २०२२ पासून मात्र परवान्यांच्या कायद्यापायी श्रोत्यांना परदेशी केंद्रे बंद झाली. साऱ्या जगाची बाग, आणि तिच्या एका वाफ्याला कुंपण.

आवाजाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. 'झेनो-कँटो' या पक्ष्यांच्या आवाजांच्या संग्रहात आपल्या शीळकरी कस्तुराच्या शिळा ऐकायला मिळतात. लोणावळ्याच्या ओढ्यांकाठी पावसाळ्यात हा पक्षी अशी शीळ घालतो की इंग्रजांनी त्याला शिटी मारीत जाणाऱ्या शाळकरी पोराची उपमा दिली. प्रत्येक ध्वनिमुद्रणाखाली स्थळ, दिवस, वेळ, आणि मागे आणखी कोणते पक्षी ऐकू येतात त्याची नोंद असते. शिळेच्या मागे पाण्याचा आवाज असतो. तो पुसून टाकण्याचा मोह मुद्रणकर्त्यांनी आवरला आहे, याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

इथवरच्या साऱ्या वस्तू बाहेरच्या. मराठीत असे काही आहे का? आहे, पण ते बहुतेक संग्रहाच्या रूपाने आहे, आणि याचे मला नवल वाटत नाही. पुण्याला दिनकर केळकरांनी अडकित्ते, कुलपे, दिवे आणि अंग घासायच्या वज्र्या जमवून राजा केळकर संग्रहालय उभे केले. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारा हा माणूस. त्याच्या कविता आज फारशा कोणी वाचत नाही. पण शेकडो अडकित्ते एका भिंतीवर लागतात तेव्हा जे काव्य निर्माण होते ते कोणाच्या नजरेतून सुटत नाही. एका माणसाचा हट्ट हे मराठी नवलाईचे जुने भांडवल आहे. अलका विभास यांचे 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ त्याच जातीचे. हजारो मराठी गाण्यांचे शब्द, आणि प्रत्येकापुढे कवी, संगीतकार, गायक, राग, ताल, नाटक वा चित्रपट यांची नोंद. ही नुसती वही झाली असती. पण नोंदी एकमेकींना जोडलेल्या आहेत, आणि तिथेच तिचे रूप पालटते. एका पावसाळी गाण्यावरून मल्हाराच्या पानावर जावे, तो तिथे शंभर वर्षांपूर्वीचे नाट्यपद आणि साठ साली निघालेल्या चित्रपटातले गाणे शेजारी-शेजारी बसलेले. इतिहासाने ज्यांना दूर ठेवले त्यांना रागाने एका ओळीत आणले. असा शेजार कोणत्याही छापील गीतसंग्रहात मी पाहिलेला नाही.

त्याहून मोठी नवलाई मोल्सवर्थची. ज्याला आपल्या लोकांनी मोलेसरशास्त्री म्हटले त्या इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली वाढवून पुन्हा निघाला. शिकागो विद्यापीठाने तो आंतरजालावर ठेवला आहे. छापील कोशात मराठी शब्दावरून अर्थाकडे जाता येते. इथे उलटही जाता येते. अर्थाच्या इंग्रजी मजकुरात पाऊस शोधा असे सांगितले, की ज्या ज्या मराठी शब्दाच्या स्पष्टीकरणात पाऊस आला तो तो शब्द बाहेर येतो. झड येते, वळीव येतो, पागोळी येते. पण त्यांच्याबरोबर शेतीचे, छपराचे, घोंगडीचे, चिखलाचे शब्द येतात, कोकणात चालणारा शब्द असेल तर तशी खूण येते, आणि ध्वनींवरून झालेले शब्द तर थव्याने येतात. मोल्सवर्थने ही यादी कधी पाहिली नाही. ती त्याने केलीच नाही. त्याच्या कोशात ती दडून होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मराठी माणसाच्या तोंडी काय काय होते त्याचे हे अभावित चित्र आहे. भिजलेल्या दोन दिवसांत मुलांना घेऊन हा खेळ जरूर खेळावा. यादीतला कोणता शब्द आजीला ठाऊक आहे आणि आईला नाही, हे पाहिले तरी दुपार सरते.

मुलांच्या हाती आणखी एक पान द्यावे. पण ते करमणुकीसाठी नव्हे. २००५ साली ॲलेक्स ट्यू या इंग्रज विद्यार्थ्याने दहा लाख ठिपक्यांचे एक पान केले आणि ठिपका एक डॉलरला विकायला काढला. ज्याने जागा घेतली त्याने तिथे आपले चित्र लावायचे. पाच महिन्यांत पान भरले. आज ते पाहिले तर एखाद्या जत्रेतल्या पाट्यांची रद्दी फासल्यासारखे दिसते; आणि अनेक चित्रांवर बोट ठेवले तर मागे काही उरलेले नाही. दुकाने उठली, पाट्या राहिल्या. तुंगार्लीपासून फार दूर नाही अशा कार्ल्याच्या चैत्यगृहात हाच प्रकार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी झाला. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे जंबुद्वीपातले सर्वोत्तम शैलगृह पुरे केले असे तिथल्या लेखात म्हटले आहे, आणि आतल्या खांबांवर ते देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकटाचे यवनही आहेत. एकेकाने एकेक खांब घेतला. धेनुकाकट नेमके कुठले यावर विद्वानांत अजून एकमत नाही. म्हणजे तिथेही पाटीमागचे गाव नाहीसे झाले आहे. पण खांब उभा आहे, आणि नाव वाचता येते, कारण खांबाला छप्पर पेलायचे होते. ट्यूच्या पानावरचा ठिपका स्वतःपलीकडे काही पेलीत नाही. या दोहोंतला फरक काळाचा आहे की कारागिरीचा, याचा निकाल मी लावू शकलेलो नाही.

नवलाईला कड असते असे मी वर म्हटले. कडेबरोबर मरणही येते, आणि मराठी नवलाईचे मरण फार चमत्कारिक रीतीने आले. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळाली होती. पण ती घरोघरच्या संगणकांत पोचायला दहा-बारा वर्षे लागली. मधल्या काळात मराठी वृत्तपत्रे, मंडळे आणि हौशी लोक यांनी शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा आपापल्या फाँटांत पाने चढवली. या फाँटांची युक्ती अशी, की संगणकाला रोमन अक्षरच लिहायचे आणि त्याच्या अंगावर देवनागरीचे सोंग चढवायचे. सोंग असेपर्यंत सारे ठीक. आज ते फाँट नव्या यंत्रांत नसतात, आणि पान उघडले की रोमन अक्षरांची, विरामचिन्हांची आणि अनोळखी खुणांची खिचडी समोर येते. उलट, अविनाश चोपडे यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत 'आयट्रान्स' ही रोमन अक्षरांत भारतीय भाषा लिहिण्याची रीत बसवली. त्या रीतीने टिपलेली गाणी दिसायला ओबडधोबड, पण ती आजही जशीच्या तशी वाचता येतात. देवनागरीचा आग्रह धरणाऱ्यांचे लेखन अवाच्य झाले आणि रोमन पत्करणाऱ्यांचे टिकले! आपल्या भाषाभिमानाच्या चर्चेत हे उदाहरण कोणी घेतलेले मला आठवत नाही.

यात काय गेले याची मोजदाद कोणी केलेली नाही, आणि त्याचे एक कारण समीक्षक आहेत. १९९८ ते २००५ या वर्षांत मराठीत छापल्या गेलेल्या कवितासंग्रहांची परीक्षणे ग्रंथालयांत सापडतात. त्याच वर्षांत कोणी हौशी माणसाने पहिले मराठी शब्दकोडे, पहिला हलता तारांगणाचा नकाशा, किल्ल्यांच्या फोटोंची पहिली वही पडद्यावर मांडली असेल, तर तिच्याविषयी एक ओळही कुठे छापलेली नाही. ती चांगली होती की वाईट, कोणी हसले की कोणी थक्क झाले, काही नाही. जिओसिटीजसारखी वसाहत २००९ साली मोडली गेली तेव्हा इंग्रजी पानांसाठी लोक बादल्या घेऊन धावले. इंटरनेट आर्काइव्हने आणि काही स्वयंसेवकांनी जमेल तेवढे वाचवले. त्या वाचवलेल्यांत मराठी पानेही गेली आहेत. पान आहे, लिपी नाही. ब्राह्मी वाचायला प्रिन्सेप लागला. इथे तर लिहिणारे अजून हयात आहेत.

काम अवघडही नाही. कोणत्या रोमन अक्षरामागे कोणते देवनागरी रूप होते याचा तक्ता एकदा हाती आला की संगणक पान पालटून देतो, आणि नेहमीच्या काही फाँटांचे असे तक्ते लोकांनी केलेही आहेत. अडते ते आडवाटेच्या फाँटांपाशी. कुठल्या तरी मंडळाने, कुठल्या तरी उत्साही माणसाने आपल्यापुरते केलेले. त्यांची मूळ फाइल मिळाली तर तक्ता करता येईल. अशा फायली २००० सालच्या आगेमागे घेतलेल्या संगणकांत असणार, आणि ते संगणक आता माळ्यावर आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याच्या गाडीवर चढण्याआधी त्यांतली 'फाँट्स' नावाची पिशवी कोणी तरी काढून घेतली पाहिजे.